पक्ष्यांच्या अंगावरील मुका मार हिरवा का दिसतो?

जबलपूर : मूळचे मराठवाड्यातील असलेल्या नानाजी देशमुख यांचे नाव लाभलेल्या येथील पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठात वन्यजीवांचे आरोग्य व न्यायवैद्यक यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. जखमी किंवा मृत पक्षी तपासताना या शास्त्रात पहिली खबरदारी घ्यावी लागते ती रंगाबाबत.

मुका मार लागला की त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळते. सस्तन प्राण्यांत या रक्तातील हिमोग्लोबिनपासून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवे आणि पुढे बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते. म्हणूनच माणसाच्या अंगावरील काळानिळा डाग अखेरीस पिवळसर होऊन विरतो. पक्ष्यांमध्ये हे दुसरे रूपांतर घडविणारे विकर जवळजवळ नसते. त्यामुळे लालजांभळा डाग साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा होतो आणि काही दिवस तसाच राहतो. पक्ष्यांचे पित्त हिरवे असते तेही याच रंगद्रव्यामुळे. कोंबडी साफ करणाऱ्यांना ते परिचित आहे.

हा हिरवेपणा अनेकदा सडण्याचे, म्हणजे गँगरीनचे, लक्षण समजला जातो. मग बरा होऊ शकणारा पंख कापण्याचा किंवा पक्ष्याला दयामरण देण्याचा निर्णय घाईने घेतला जाण्याचा धोका असतो. गँगरीनमध्ये भाग थंड, कोरडा, काळपट पडतो आणि त्यातील संवेदना जाते. निव्वळ मुक्या मारात तसे होत नाही.

शिकारीच्या गुन्ह्यात याच रंगाला पुराव्याचे मोल येते. डाग हिरवा असेल, तर इजेनंतर पक्षी किमान काही काळ, बहुधा दिवसभर वा अधिक, जिवंत होता असे अनुमान निघते. मात्र मृत्यूनंतर कुजतानाही पोटाचा भाग हिरवट होतो. त्यामुळे केवळ रंगावर विसंबून चालत नाही. ऊतीचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते.

मुळात डाग दिसणेच अवघड. पिसे सारे झाकून टाकतात. ती ओली करून बाजूला सारल्यावरच पातळ, जवळजवळ पारदर्शक त्वचा दिसते. तिच्यातून खालचे लालसर स्नायू दिसतात आणि नवख्या माणसाला तीही इजाच वाटते. त्वचेखाली फुग्यासारखी हवा साचली असेल, तर वायुकोश फाटल्याची शक्यता असते. पक्ष्यांचा पू द्रवरूप नसून चिजासारखा घट्ट असतो, म्हणून तो वाहत नाही. विजेच्या धक्क्यात जळालेली पिसे व पायावरील भाजल्याच्या खुणा, तर संक्रांतीच्या सुमारास मांजामुळे पंखाच्या पुढच्या पडद्यावर सरळ चीर आढळते. मांजराच्या दातांची छिद्रे मात्र इतकी बारीक असतात की ती सहज नजरेतून सुटतात, आणि त्यांतून शिरलेले जिवाणू एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतात.

खांद्याजवळचे हाड बहुतेक पक्ष्यांत पोकळ असून वायुकोशांना जोडलेले असते. ते मोडून उघडे पडले असल्यास जखम पाण्याने धुऊ नये, कारण ते पाणी थेट श्वसनसंस्थेत जाऊ शकते. असा पक्षी हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाकडे सोपवावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित पक्षी परवानगीशिवाय घरी ठेवता येत नाही.