खापरांचा पुरावा आणि मध्ययुगीन कुंभारांचे स्थलांतर

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, घोडबंदरालगत वरसावे हे गाव आहे. ठाणे बंदरातून उत्तरेकडे सागरास मिळणारा जलमार्ग याच खाडीतून जातो. अशा तीरावर परदेशी झिलईचे एखादे खापर सापडले म्हणजे परदेशी कुंभारच येथे येऊन राहिले, असे अनुमान करण्याचा मोह सहज होतो. परंतु भांडे प्रवास करते, त्याअर्थी कुंभारानेही प्रवास केला, असे सिद्ध होत नाही.

याच किनाऱ्यावर उत्तरेस असलेल्या संजाण येथे 2002 ते 2004 या काळात उत्खनन झाले. त्यात पश्चिम आशियातील निळ्या-हिरव्या झिलईची भांडी विपुल मिळाली. या वर्गातील भांड्यांची माती फिकट पिवळसर असते. कोकणातील लोहयुक्त माती भाजल्यावर तांबडी होते. म्हणजे ही भांडी जहाजांतून आली, कित्येक तर मालाने भरलेले रांजण म्हणूनच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 साली सांकलिया व दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात बहामनी थरांत झिलईदार भांडी आढळली, त्यांनाही हीच कसोटी लावावी लागते.

कारागिराचा खरा माग भांड्यात नव्हे, भट्टीच्या उकिरड्यात लागतो. झिलईचे वाडगे भट्टीत एकावर एक रचताना मध्ये मातीच्या लहान तिवया ठेवीत. तिवईचे तीन व्रण वाडग्याबरोबर परदेशी जातात. तिवई मात्र भट्टीपाशीच राहते. तिवया, भाजताना चिकटून फुकट गेलेली भांडी आणि स्थानिक मातीवर चढविलेली परकी झिलई, ही तिन्ही एकत्र मिळाली तरच स्थलांतर मानावे.

लिखित साधने येथे फारशी साहाय्यक नाहीत. लाट देशातून दशपुरास गेलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने मालव संवत 529 मध्ये, म्हणजे इ. स. 473 साली, मंदसोरच्या शिलालेखात आपले स्थलांतर नोंदवून ठेविले. त्यांचे वस्त्र उरले नाही, शब्द उरले. कुंभारांचे नेमके उलट झाले. चिंचणी येथील शके 848 च्या ताम्रपटात संजाण मंडलाचा ताजिक अधिकारी मधुमती याने नदीवर नावेची सोय केली व अन्नछत्र घातले, असा उल्लेख आहे. छत्रात भात, तूप देण्याची व्यवस्था होती, हेही ताम्रपट सांगतो. तो भात शिजविण्याची मडकी घडविणाऱ्यांचे नाव मात्र त्यात नाही.