सोमलाचं औषध आणि बाईवरचा आळ



एखादी गोष्ट पार पुसून टाकली की आपण म्हणतो, 'तिच्यावर हरताळ फासला.' हरताळ हा आर्सेनिक आणि गंधकाचा पिवळा दगड. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर तो फासायचे. त्याच आर्सेनिकचं पांढरं रूप म्हणजे सोमल, जहाल विष. पण या विषापासूनही एकदा औषध झालं.

दीडशे वर्षांपूर्वी गरमीच्या रोगावर, म्हणजे उपदंशावर, नीट उपाय नव्हता. पारा द्यायचे, त्यानं तोंड यायचं, दात पडायचे. बाईचे गर्भ पडत, मूल मेलेलं जन्मत असे, आणि बोल तिलाच लागायचा. सरकारनंही तेच केलं. १८६८ साली इंग्रजांनी कायदा केला, १८७० साली तो मुंबईत लागू झाला. पेशा करणाऱ्या बायकांची नोंद आणि सक्तीची तपासणी होई. पुरुषाला मात्र कुणी विचारत नव्हतं. १८८८ साली तो कायदा रद्द झाला.

इकडे युरोपात आर्सेनिकला कार्बनच्या रेणूंशी जोडायचे प्रयोग चालले होते. असं जोडलं की विषाचा स्वभाव बदलतो. अशातून 'अटॉक्सिल' नावाचं औषध निघालं. नावाचा अर्थ 'बिनविषारी', पण काही रोग्यांची दृष्टी गेली. जर्मनीतल्या पॉल एर्लिख यांनी ठरवलं, आर्सेनिक ठेवायचं, भोवतालची जोडणी बदलत जायची. जंतू मरावा, माणूस वाचावा. शेकडो पदार्थ करून पाहिले. १९०९ साली जपानी डॉक्टर साहाचिरो हाता यांनी सशांवर तपासलं, तेव्हा ६०६ क्रमांकाचा पदार्थ लागू पडला. १९१० साली तो 'साल्व्हरसान' नावानं बाजारात आला.

गुण यायचा, पण इंजेक्शनं महिनोन्महिने घ्यावी लागत, आणि त्यांचा त्रासही मोठा. १९४३ पासून पेनिसिलीन वापरात आलं आणि आर्सेनिक मागे पडलं.

बायांनो, रोग मात्र संपलेला नाही. गरोदरपणात रक्त तपासतात तेव्हा ही तपासणीही करून घ्या, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत. दोष निघाला तर पेनिसिलीननं बाळ वाचवता येतं. पण नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार हवेतच, नाहीतर रोग पुन्हा घरात येतो. गटातल्या एखादीचा अहवाल असा आला, तर तिच्याकडे बोट दाखवू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.