बीज कीं क्षेत्र ? गोंदियाचे तलाव व कोहळ्यांचें कसब

मनुष्याचें कसब रक्तांतून येतें कीं शिक्षणानें व परिस्थितीनें घडतें, हा वाद फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत अपत्याच्या स्वामित्वासंबंधानें बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र, हा प्रश्न आला आहे. दहाव्यांत तर कोणी बीजास, कोणी क्षेत्रास व कोणी उभयतांस मान देतात, असे तीनहि पक्ष मांडिले आहेत. युरोपांत गाल्टननें १८६९ सालीं प्रतिभा आनुवंशिक असल्याचा पक्ष उचलून धरला. पुढें दोन वर्षांनीं आपल्याकडे झालेल्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मावरूनच गुन्हेगार ठरल्या; तो कलंक कायद्यांतून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. तेव्हां हा वाद केवळ पंडितांचा नव्हे.

याच्या परीक्षेस गोंदिया जिल्हा उत्तम स्थळ आहे. १९९९ पर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता. हा सारा मुलूख तलावांचा. नवेगांव बांधाच्या विस्तीर्ण जलाशयाचें श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांस देते. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद घेतली आहे. लोकांत तर ‘तलाव बांधणें कोहळ्याच्या रक्तांतच आहे’ असा समज रूढ झाला.

या समजास दोन आक्षेप घेतां येतात. पहिला शेजारच्या पोवारांचा. ते आपलें मूळ माळव्यांत सांगतात. माळवा गव्हाचा देश; तरी वैनगंगेच्या खोऱ्यांत तेच लोक धानाच्या ओलिताचे जाणकार झाले. हें ज्ञान त्यांनीं माळव्यांतून आणिलें म्हणावें, तर तेथें त्याचें प्रयोजनच नव्हतें.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. जो तलाव बांधील त्यास त्याखालील जमिनीचा हक्क देण्याची रीत गोंड राजांनीं घातली, अशी परंपरा आहे. पुढें मालगुजारींत तलावाची निगा व गांवाचें पीक यांचा संबंध टिकला. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले व तो संबंध तुटला. त्यानंतर कित्येक तलाव गाळानें भरले, पाळी खचल्या. कोहळ्यांचें रक्त तर तेंच होतें ! मग बदललें काय ? क्षेत्र बदललें.

कोणी म्हणेल, कसब रक्तांत असलें तरी त्यास संधि लागते. हें आम्हांस अमान्य नाहीं. बीजावांचून पीक नाहीं. आजचें आनुवंशशास्त्रहि वंश व परिस्थिति यांस परस्परांपासून सर्वथा तोडीत नाहीं. परंतु कसब रक्ताच्या नांवें मांडलें कीं शोधच थांबतो. पाणी वांटण्याचा नियम कोणता, गाळ कोणी काढावा, सांडवा फुटल्यास खर्च कोणाचा, हें मग कोणी विचारीत नाहीं. आणि व्यवस्था मोडतांना आपण काय मोडीत आहों, याचें भानहि राहत नाहीं. तलावांचें नुकसान असें झालें.

अध्यापनाच्या दीर्घ व्यवसायांत ‘तें त्याच्या रक्तांतच आहे’ हें वाक्य आम्हीं पुष्कळदां ऐकिलें. बहुधा जेथें कोणी शिकविण्याचे श्रम घेतले नव्हते, तेथेंच तें उच्चारिलें गेलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या मालगुजारांच्या घरीं पडलेलीं दप्तरें व गांवोगांवच्या वाजिब-उल-अर्जांच्या नकला वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं मिळवाव्या. पाण्याचे हक्क व गांवाचे रिवाज त्यांत नमूद आहेत. बीजाची साक्ष कोणास काढतां येईल तेव्हां येवो. क्षेत्राची साक्ष या कागदांत आहे, आणि ती वाचणें हें आपलें काम आहे.