साष्टी बेटावरील परकीय सत्तांचा शेष

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यानजीक वाहणारी उल्हास नदी कल्याणावरून ठाण्यापाशीं जाते. तेथें खाडीचे दोन फांटे होतात. एक घोडबंदरावरून वसईकडे व दुसरा मुंबई बंदराकडे. या दोहोंनीं मुख्य भूमीपासून तोडलेला प्रदेश तोच साष्टी होय. शिलाहार छित्तराजाच्या शके ९४८ च्या भांडुप ताम्रपटांत ‘षट्षष्टि विषय’ असा याचा निर्देश आहे. सहासष्ट गांवांचा समूह, हा त्याचा अर्थ उघड आहे.

इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्याखालील बेटें पोर्तुगीजांस दिलीं. १७३७ त साष्टी व १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतली. या दोन शतकांचा शेष म्हणून वसईचा कोट अथवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ हा सन कोरलेली घंटा दाखविण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें याहून बळकट पुरावा घरोघर आहे. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, बिजागरी, घमेलें, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ते बाजाराचे, बागेचे, सुताराचे व चाकरीचे आहेत. शेत, पाऊस, मासा, होडी हे शब्द मात्र आपलेच राहिले.

खुद्द बेटावर हजारों कुटुंबांचा धर्म पालटला. भाषा पालटली नाहीं. तेथील ख्रिस्ती लोकांचीं लग्नगीतें मराठींतच राहिलीं. पोर्तुगीजांस जें साधलें नाहीं, त्याचा आरंभ पुढें इंग्रजी अमलांत झाला. १७७४ त इंग्रजांनीं ठाणें व साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. १८४५ त माहीमचा बांध झाला. १८५३ त आगगाडी ठाण्यास पोंचली व १८५४ त खाडी ओलांडून कल्याणास गेली. बेटाचें बेटपण सरलें. सरकारी व रेल्वेच्या चाकरींत गोमंतकीय ख्रिस्त्यांहून आपण निराळे, हें दाखविण्यासाठीं येथील ख्रिस्त्यांनीं १८८७ त, राणीच्या ज्युबिलीच्या सालीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. ज्यांची वस्ती पोर्तुगीजांहूनही जुनी, त्यांची ओळख एका व्यापारी कंपनीच्या नांवानें चालू झाली! त्यामागोमाग इंग्रजी शाळा आली, व कित्येक घरांतून मराठी मागें सरली.

राजवाड्यांनीं १९२४ त प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर या प्रांताच्या राजांची व कुळांची हकीकत सांगते. पाट्यावर बसलेल्या बाईचा शब्द तींत येत नाहीं. तो गीतांत, म्हणींत व घरगुती वह्यांत आहे, आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर तो नाहींसा होत आहे. ताम्रपट आणखी शंभर वर्षें मातींत राहिला तरी वाचतां येईल; गाणारी गेल्यावर गाणें उकरून काढतां येत नाहीं. म्हणून पोथ्यांच्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं साष्टी-वसईच्या घरांतील या वह्याही दप्तरांत घ्याव्या, व जें लिहिलेलें नाहीं तें जसें ऐकूं येईल तसें, शुद्ध न करतां, उतरून घ्यावें.