कृत्रिम पायाचे माप: कधी आणि कसे घेतात?

गुडघ्याखाली पाय कापावा लागल्यानंतर बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो, "कृत्रिम पाय कधी बसेल?" पाऊल आणि नळी तयार मिळतात. पण उरलेला पाय, म्हणजे स्टंप, ज्यात बसतो ते सॉकेट प्रत्येकाच्या मापानेच बनवावे लागते. माप चुकले तर त्वचा सोलवटते, जखम होते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ही जखम दुखतही नाही. ती चिघळली तर पाय आणखी वरून कापण्याची वेळ येऊ शकते.

माप कधी घ्यावे?

शस्त्रक्रियेनंतर स्टंपला सूज असते. पुढे सूज ओसरते, स्नायू बारीक होतात आणि आकार बदलत राहतो. तो स्थिरावायला साधारण ६ ते १२ महिने, कधी जास्तही लागतात. तोवर चालायचेच नाही असे नाही. जखम भरली आणि सूज आटोक्यात आली की तात्पुरता पाय देता येतो. मात्र त्याचे सॉकेट काही महिन्यांत सैल होणार, हे आधीच गृहीत धरा.

माप कसे घेतात?

१. वाटीखालचा जाड पट्टा, नडगीची धार, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची हाडाची गाठ आणि स्टंपचे टोक यांवर खास पेन्सिलने खुणा करतात.
२. स्टंपची लांबी आणि ठरावीक अंतरांवर घेर टेपने मोजतात. गुडघ्याची रुंदी कॅलिपरने घेतात.
३. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात. पेन्सिलच्या खुणा त्यात उमटतात.
४. साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती बनवतात. वाटीखालचा पट्टा दाब सोसतो, म्हणून तिथले प्लास्टर खरवडतात. नडगीची धार आणि हाडाची गाठ दाब सोसत नाहीत, तिथे प्लास्टर वाढवतात. या प्रतिकृतीवर सॉकेट घडते.

काही केंद्रांत प्लास्टरऐवजी स्कॅनर वापरतात. त्यात वेळ वाचतो, पसारा होत नाही. पण स्कॅनरला पृष्ठभाग दिसतो. कुठे मऊ आहे, कुठे हाड टोचते, हे तंत्रज्ञाला हाताने चाचपूनच कळते.

मापाला जाण्यापूर्वी

• डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे क्रेप बँडेज बांधा: टोकाशी घट्ट, वर येताना सैल. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय बांधू नका.
• गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. गुडघा वाकलेला राहून आखडला तर पाय नीट बसत नाही.
• डायलिसिस चालू असेल किंवा अलीकडे वजन बदलले असेल तर आवर्जून सांगा. शरीरातले पाणी कमी-जास्त झाले की घेरही बदलतो.
• दुखऱ्या जागा, जुने व्रण, बधिर भाग दाखवा.

पाय मिळाल्यानंतर

सॉकेट घालून उभे राहा, थोडे चाला, मग काढून त्वचा पाहा. सुरुवातीला हलकी लाली येते. ती १० ते १५ मिनिटांत गेली पाहिजे. लाली टिकली, फोड आला किंवा त्वचा सोलली तर पाय घालणे थांबवून केंद्रात दाखवा. "सवय होईल" म्हणून सोसू नका. मधुमेह असेल तर रोज आरसा धरून स्टंपची मागची बाजू आणि टोक तपासा. दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावे.

दिवसभरात स्टंप थोडा आक्रसतो, तेव्हा स्टंपचा एखादा मोजा वाढवून सैलपणा भरून काढता येतो. पण मोज्यांचे थर वाढतच चालले तर नवीन माप घ्यायची वेळ झाली आहे. अशा वेळी सॉकेटमध्ये कापूस किंवा फडके कोंबू नका. एकाच जागी दाब येऊन जखम होते.

मुंबईत हाजीअली येथील ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या सरकारी संस्थेत कृत्रिम अवयव बसवले जातात. पाय कुठूनही घ्या, पण पुन्हा तपासणी आणि नवे माप तिथे मिळेल का, हे आधी विचारून घ्या.