पाळीआधीचे दिवस: दोष संप्रेरकांचा की पेशींच्या प्रतिसादाचा?

१९३१ साली न्यू यॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १५ बायकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पाळीआधीच्या दिवसांत त्यांची तगमग होई, चिडचिड होई. पाळी आली की सगळं निवळे. फ्रँक यांनी याला 'पाळीपूर्व ताण' म्हटलं आणि दोष दिला जास्तीच्या इस्ट्रोजेनला. मग ते कमी करण्यासाठी तीव्र त्रास असलेल्यांच्या अंडाशयांवर क्ष-किरण सोडले गेले!

१९५३मध्ये लंडनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी प्रोजेस्टेरॉनकडे बोट दाखवलं. दोन्ही मतांचं गृहीतक एकच: संप्रेरकांचं प्रमाण बिघडलंय.

दरम्यान, मानसोपचाराशी संबंध नसलेल्या एका माणसाने वेगळाच विचार मांडला होता. १९४८ साली अमेरिकेतल्या जॉर्जियामध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी दाखवलं, की ॲड्रेनॅलिनसारखं एकच रसायन एका ठिकाणी स्नायू आवळतं आणि दुसरीकडे सैल सोडतं, कारण पेशींवरचे रिसेप्टर वेगळे असतात: अल्फा आणि बीटा. थोडक्यात, निरोप तोच. परिणाम ठरतो तो घेणाऱ्यावर.

हा विचार पाळीपूर्व त्रासापर्यंत पोचायला १९९०चं दशक उजाडलं. जिवंत बाईच्या मेंदूतल्या पेशी काढून तपासता येत नाहीत. पण रक्तातल्या प्लेटलेटवर अल्फा-२ आणि पांढऱ्या पेशींवर बीटा-२ रिसेप्टर असतात. संशोधकांनी तेच मोजले. त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये काही फरक दिसले, मात्र निदानासाठी वापरता येईल अशी रक्तचाचणी त्यातून निघाली नाही. आजही निदान होतं ते दोन पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदींवरून.

निर्णायक पुरावा १९९८ साली आला. पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी औषधाने अंडाशयांचं काम थांबवलं, तेव्हा त्रास असलेल्या १८पैकी १० जणींना आराम पडला. मग त्यांना नेहमीच्या प्रमाणात संप्रेरकं परत दिली. त्यांचा त्रास परतला. त्रास नसलेल्या स्त्रियांना तीच संप्रेरकं देऊनही काही झालं नाही.

'तिचे ते दिवस जवळ आलेत' हा टोमणा आपल्या घरांत आणि ऑफिसांत सर्रास ऐकू येतो. संप्रेरकं तर सगळ्याच बायकांत असतात, म्हणून तो कुणालाही मारता येतो. १९९८च्या प्रयोगाने त्याचा आधारच काढून घेतला. संप्रेरकांच्या चढउताराने प्रत्येक बाई बिघडत नाही, आणि जिला खरोखर त्रास होतो तिचा तो कांगावा नसतो.