खुंटी कोणाच्या हाती? ट्रकच्या इंजिनाचा ट्यूनर निवडण्याचा इतिहास

१९८९ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील डॉज कंपनीने आपल्या मोठ्या पिकअप ट्रकसाठी कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन देऊ केले. सहा सिलिंडर, टर्बोचार्जर आणि कागदावर अवघी १६० अश्वशक्ती. हे इंजिन मुळात शेतीची यंत्रे आणि मध्यम आकाराचे ट्रक यांच्यासाठी आखलेले होते. त्याचा लोखंडी ठोकळा याहून कितीतरी अधिक भार सोसू शकतो, हे मालकांच्या लवकरच ध्यानात आले. कोणी टर्बो बदलला, कोणी मोठी नोझल बसवली, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहिला : बदललेले इंजिन आता जुळवून कोणाकडून घ्यायचे?

प्रश्न गॅरेजमधला वाटतो. परंतु गेल्या शतकभरात त्याचे उत्तर चालक, मिस्त्री, कंपनी आणि सरकार यांच्यात सतत फिरत राहिले आहे. ‘ट्यूनर’ हा शब्दही मोठा फसवा. तो इंजिन जुळवणाऱ्या माणसालाही लागतो आणि त्यासाठी वापरायच्या यंत्रालाही. तंबोऱ्याची खुंटी आणि ती पिळणारा हात यांत कोणी गल्लत करत नाही. इंजिनाच्या बाजारात मात्र ही गल्लत विक्रेत्यांच्या चांगलीच पथ्यावर पडली.

आरंभी ट्यूनर म्हणजे स्वतः चालक. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मोटारीत आणि तिच्यावरून बेतलेल्या १९१७ च्या मॉडेल टीटी ट्रकमध्ये सुकाणूच्या दांड्यावर दोन तरफा असत. एक इंजिनाकडे जाणाऱ्या मिश्रणाची, दुसरी ठिणगीच्या वेळेची. चढ लागला की ठिणगी थोडी उशिरा पाडायची, सपाट रस्ता आला की लवकर. चालकाचा कान हेच मोजमापाचे साधन होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते आपोआप पेटते. म्हणून तिथे दोनच गोष्टींना महत्त्व : इंधन किती सोडायचे आणि नेमके केव्हा सोडायचे. १९२७ मध्ये बॉश कंपनीने डिझेल इंजेक्शन पंपाचे कारखानी उत्पादन सुरू केले आणि हे दोन्ही निर्णय एका पोलादी खोक्यात बंद झाले. चालकाच्या हातून खुंटी निसटली ती पंप उघडू शकणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गेली.

हा मिस्त्री महाराष्ट्रालाही परका नाही. बॉशची भारतीय कंपनी ‘मायको’ १९५१ मध्ये बंगळुरूत स्थापन झाली. पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेलची नोझल बनू लागली आणि शहरातल्या एका चौकाला ‘मायको सर्कल’ हे नाव चिकटले. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. महामार्गालगतच्या दुकानांवर ‘पंप-नोझल’ अशी पाटी दिसते, ती याच विद्येची. चाचणीच्या मेजावर पंप चढवून प्रत्येक सिलिंडरला जाणारे इंधन समान आहे की नाही, हे तिथे काचेच्या नळ्यांत मोजून पाहतात.

अमेरिकेतील डॉजवाल्यांचा पहिला ट्यूनर हाच. सुरुवातीच्या पंपावर इंधनाची कमाल मर्यादा एका स्क्रूने ठरत असे. १९९४ ते १९९८ च्या मॉडेलांवर बॉशचा पी-७१०० हा भक्कम पंप आला. त्यात इंधन वाढवणाऱ्या दांड्याला अडवणारी एक पोलादी पट्टी असते; तिची कड घासली, ती सरकवली वा काढून टाकली की इंजिनाला अधिक इंधन मिळे. ही छेडछाड डोळ्यांना दिसत होती. फार इंधन सोडले तर हवा अपुरी पडून धुराड्यातून काळा धूर निघे, धूर सोसूनही हट्ट केला तर निकासाचे तापमान चढे, आणि अखेरीस पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळे. ट्यूनरची निवड सोपी होती. त्याने जुळवलेले ट्रक त्याच गावात धावत होते.

दरम्यान गणकयंत्र इंजिनात शिरले होते. १९९४ मध्ये फोर्डचे ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक इंजिन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह आले. त्याच्या नियंत्रण-पेटीच्या मागच्या कनेक्टरला एक बाहेरची चिप जोडली की कंपनीचे आकडे बाजूला पडून चिपमधले आकडे लागू होत. २००१ मध्ये जनरल मोटर्सचे ड्युरामॅक्स आणि २००३ मध्ये कमिन्सचे नवे इंजिन कॉमन रेल पद्धतीचे आले; मग चिपचीही गरज उरली नाही. डॅशबोर्डखालच्या निदान-जोडणीतून नवे सॉफ्टवेअर थेट भरता येऊ लागले. ट्यूनर आता गावात राहिला नाही. तो पोस्टाने येणाऱ्या डबीत होता, आणि डबीतला माणूस ग्राहकाने कधी पाहिलेला नसे.

न बदललेल्या इंजिनावर अशी तयार डबी बऱ्यापैकी चालते. बदललेल्या इंजिनावर ती का फसते, हे समजून घेण्याजोगे आहे. कॉमन रेल इंजिनाचा संगणक इंधन प्रत्यक्ष मोजत नाही. रेलमधला दाब अमुक आणि इंजेक्टर तमुक काळ उघडा, म्हणजे इतके इंधन गेले, असा तो हिशेब मांडतो. हा हिशेब मूळ नोझलच्या छिद्रांवर बेतलेला असतो. मोठी नोझल बसवली की तेवढ्याच काळात दीडपट इंधन जाते, पण संगणकाच्या वहीत जुनाच आकडा राहतो. धूर रोखण्याची मर्यादा, इंधन सोडण्याची वेळ, टर्बोचा दाब हे सारे त्या चुकीच्या आकड्यावर उभे असते. स्वयंचलित गिअरबॉक्सचेही तसेच. इंजिन किती जोर लावत आहे हे तिला संगणकच सांगतो. त्याने कमी सांगितले, तर ती आपले क्लच कमी दाबाने धरते; ते घसरतात आणि जळतात. इंजिन जुळवायला गेलेला मालक गिअरबॉक्स गमावून परततो, त्याचे हे कारण.

म्हणूनच एकेका ट्रकसाठी स्वतंत्र आकडे बसवणारे ट्यूनर पुढे आले. न्यूझीलंडच्या ईएफआयलाइव्ह कंपनीसारख्यांच्या सॉफ्टवेअरमुळे मालक चालत्या ट्रकची नोंद टिपून ट्यूनरला ईमेलने पाठवू शकला. ट्यूनर आकडे सुधारून परत पाठवी, पुन्हा नोंद, पुन्हा सुधारणा. चांगला ट्यूनर ओळखण्याची खूण इथेच सापडते. तो अश्वशक्तीचा वायदा करण्याआधी कोणता टर्बो, कोणती नोझल, कोणता गिअरबॉक्स, किती वजन ओढायचे, हे विचारतो आणि पहिल्या फाइलवर थांबत नाही.

आता या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नेव्हिस्टार, रेनो आणि व्होल्वो या सात उत्पादकांशी तडजोड केली. दंड ८ कोटी ३४ लाख डॉलरचा. प्रकरण सुमारे १३ लाख अवजड इंजिनांचे. आरोप असा की, सरकारी चाचणीत इंजिने नियमात वागत. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावू लागली की सॉफ्टवेअर इंधन लवकर फवारू लागे. लवकर फवारले की डिझेल वाचते, परंतु ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडे फार निघतात. काही वेळा मर्यादेच्या तिप्पट. हे वायू फुप्फुसांना जाचतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोनयुक्त धुके बनते. ते काळ्या धुरासारखे डोळ्यांना दिसत नाहीत. पट्टी घासणाऱ्या मिस्त्रीची लबाडी गावभर दिसे; ही कोणालाच दिसली नाही. ज्या कंपन्या मालकांना ‘इंजिनाला हात लावू नका’ म्हणत, त्याच सर्वांत मोठ्या ट्यूनर निघाल्या.

कायदा मात्र दोघांवरही होता. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने उत्सर्जन-नियंत्रणाशी छेडछाड करण्यास उत्पादक व विक्रेत्यांना मनाई केली होती. १९९० च्या दुरुस्तीने ती सर्वांना लागू झाली आणि असे सुटे भाग विकणेही बेकायदा ठरले. २००७ पासून नव्या डिझेल वाहनांत काजळी अडवणारी गाळणी आली, २०१० च्या सुमारास यूरियाचे द्रावण वापरणारी यंत्रणाही आली. तिच्या तक्रारी खोट्या नव्हत्या : गाळणी तुंबे, दुरुस्ती महाग पडे. त्यावर ट्यूनरांच्या एका वर्गाने ‘डिलीट’चा उपाय विकला. गाळणी कापून काढायची आणि ती जागेवरच आहे असे संगणकाला भासवायचे. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची नियंत्रणे अशी काढली गेली होती. त्यातून वाहनांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टन जादा नायट्रोजन ऑक्साइडे निघतील, असा तिचा अंदाज होता. हे आकडे वाचल्यावर ‘माझा ट्रक, माझी मर्जी’ हा युक्तिवाद फार लंगडा होतो.

तरीही मालकीचा मुद्दा निकालात निघत नाही, आणि २०१५ हे वर्ष त्याची साक्ष देते. वाहनातले सॉफ्टवेअर कॉपीराइटच्या कुलपात होते; ते फोडणे १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने वर्ज्य होते. दुरुस्तीसाठी सूट द्यावी, या मागणीला जुलै २०१५ मध्ये पर्यावरण संस्थेने विरोध केला : लोक कुलूप उघडतील आणि प्रदूषण वाढवतील. दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, त्याच संस्थेने जाहीर केले की फोक्सवॅगनने आपल्या डिझेल मोटारींच्या कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये चाचणी ओळखणारी कळ दडवली आहे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारी त्यात निघाल्या. ही चोरी सापडली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजमाप केल्यामुळे. ऑक्टोबरात वाहनमालकांना कॉपीराइटची सूट मिळाली, अंमल वर्षभराने. २०१८ मध्ये ती मालकाच्या वतीने काम करणाऱ्या तिऱ्हाइतालाही वापरता येईल इतकी रुंदावली. कुलूप उघडण्याची मुभा मिळाली. प्रदूषणाचा कायदा मात्र जागचा हलला नाही.

आज अमेरिकेत बदललेल्या ट्रकसाठी ट्यूनर निवडणारा माणूस या सगळ्या इतिहासाच्या बोज्याखाली निवड करतो. कॅलिफोर्नियाच्या हवाई संसाधन मंडळाचा आदेश-क्रमांक उत्पादनाला मिळाला आहे का, तो क्रमांक आपल्याच वर्षाच्या व इंजिनाच्या गाडीला लागू आहे का, हे पाहावे लागते; आणि टर्बो व नोझल बदललेल्या इंजिनाला तो बहुधा लागू नसतो. डबी कायदेशीर, पण आपल्या इंजिनाशी न जुळणारी. कुशल ट्यूनर जुळवून देणारा, पण कागद नसलेला. या दोहोंमधली वाट अरुंद आहे. गाळणी व यूरियाची यंत्रणा जागेवर ठेवून आकडे बसवण्यास तयार असलेला आणि ‘डिलीट’ला स्पष्ट नकार देणारा ट्यूनर या वाटेवरचा त्यातल्या त्यात भरवशाचा सोबती.

डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले, गैरकृत्य मान्य न करता. स्वच्छ हवा कायद्याखालील हा सर्वांत मोठा दिवाणी दंड. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६,३०,००० रॅम ट्रकांच्या सॉफ्टवेअरमध्ये नियंत्रणाला बगल देणारी व्यवस्था होती, असा आरोप होता. १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपवर जे इंजिन आले, त्याच घराण्यातली ही इंजिने. दुरुस्ती म्हणून ट्रक परत बोलावून त्यांत नवे सॉफ्टवेअर भरायचे ठरले. आणि कंपनीचे नवे सॉफ्टवेअर भरले की संगणकातले आधीचे ट्यूनिंग पुसले जाते. ज्याने इंजिन बदलले आहे, त्याला पुन्हा ट्यूनर शोधावा लागतो.